समाजकार्याची शाळा भरली ते नागपाड्यातलं घर

मुंबई सेंट्रल आणि भायखळ्याच्या मधल्या नागपाड्यात मोकळी जागा म्हणजे चैन. दाटीवाटीच्या इमारती, खाली दुकानं, पलीकडे कामाठीपुरा. अशा वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी हक्कानं जाता यावं, खेळता-वाचता यावं, म्हणून नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू झालं. मुंबईच्या इतिहासात त्याची नोंद फार त्रोटक होते, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. हे मिशन मराठी वाचकांना त्याच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकामुळे ठाऊक आहे; रेव्हरंड ना. वा. टिळक काही वर्षं त्याचे संपादक होते. मॅन्शार्ट यांच्यासमोर नमुना होता तो लंडनच्या टॉयन्बी हॉलचा आणि शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये काढलेल्या हल हाऊसचा. गरिबांसाठी काम करायचं तर त्यांच्या शेजारी राहायला जायचं, ही त्यामागची धारणा. मुंबईत आल्यावर वर्षा-दोन वर्षांतच नागपाड्याचं काम उभं राहिलं. तेव्हा इथे मुसलमानांच्या शेजारी बगदादी ज्यूही राहत होते, त्यामुळे दार सर्वांना उघडं ठेवण्यावाचून ही संस्था चाललीच नसती.

मुलांच्या खेळांबरोबर इथे मोठ्यांसाठी व्याख्यानं होत. शहराच्या प्रश्नांवरच्या अशाच एका व्याख्यानमालेचं पुस्तक ‘बॉम्बे टुडे अँड टुमारो’ या नावानं १९३० मध्ये निघालं. मुंबईच्या भवितव्याची चर्चा नागपाड्यात भरत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याहून मोठी गोष्ट घडली १९३६ मध्ये. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पाठबळावर समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा याच घरात भरू लागली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. वर्गातून उठून जिना उतरला की ज्यांच्याविषयी शिकायचं ती माणसं समोर! याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळाली असती? १९४४ मध्ये शाळेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. पुढे ती देवनारला स्थिरावली आणि आज ‘टिस’ म्हणून सगळ्यांना माहीत आहे.

नागपाड्याकडे मात्र खेळ राहिला, बास्केटबॉलचा. त्याचं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं. क्रिकेटचं मैदान या गल्ल्यांत मावणारच नव्हतं. नेबरहूड हाऊस आणि जवळचं मस्तान वायएमसीए इथल्या कोर्टांमुळे मोहल्ल्यामोहल्ल्यात हा खेळ रुजला. सायकल, टॅक्सी, दुकान अशा रोजगारातल्या घरांतली पोरं राज्याकडून, देशाकडून खेळू लागली. त्यांतलेच अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार नागपाड्यात आला.