वाढत्या मापाचा जोडा

भिलाईच्या वसाहतीत एखाद्या क्वार्टरच्या मागल्या पडवीत काळ्या, जाड चामड्याचे, धुळीने माखलेले सेफ्टी शूज वाळत पडलेले दिसले, तर त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी झालेल्या कराराने ज्या पोलाद कारखान्याची कोनशिला मनोमन बसली, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ज्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या कारखान्याच्या चाकरीत ज्यांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या, त्यांच्या घरांत या बुटांचे अस्तित्व गृहीतच धरलेले असते. पण सेक्टर सहामधल्या एका परिचित मराठी गृहस्थांच्या पडवीत त्या बुटांच्या शेजारी, उन्हाची तिरीप टाळून मुद्दाम सावलीत ठेवलेला, फिकट गुलाबी सॅटिनचा, लांब रिबिनी लोंबत असलेला एक जोडा मी पाहिला, आणि जे पुस्तक मागायला आलो होतो ते विसरून तिथेच उभा राहिलो.

गृहस्थ रेल मिलमध्ये, म्हणजे जिथे रूळ एकमेकांना जोडून २६० मीटर लांबीचे पट्टे तयार होतात अशा खात्यात, तंत्रज्ञ आहेत. त्यांची चौदा वर्षांची कन्या मुंबईला आत्याकडे राहून शिकते, तिथेच बॅलेच्या वर्गाला जाते, आणि मे महिन्याच्या सुटीत भिलाईला आली होती. बुटांच्या टोकाशी असलेली पोलादी टोपी २०० जूलचा आघात, म्हणजे सुमारे वीस किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तरी, सोसते, हे सांगताना तिच्या वडिलांचा स्वर कारखान्यातल्या माहितगार माणसाचा होता, आणि मुलीच्या जोड्याकडे बोट दाखवून, "हा नेमका उलटा कारभार. आम्ही बोटांवर भार पडू नये म्हणून झटतो, आणि ही सगळा भार बोटांवरच घेते," असे म्हणताना त्याच स्वरात बापाची काळजी उतरली होती. या उलट्या कारभारात मला रस वाटला. पुढे सुटी संपेपर्यंत मी सकाळच्या वेळी त्या घरी वरचेवर जात राहिलो.

जोडा हातात घेतला तर प्रथम जाणवतो तो त्याचा वास. या जोड्याच्या टोकात लोखंड नाही, लाकूड नाही. कापडाचे आणि कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून, उलट्या बाजूने शिवून, मग सुलटा करून आणि भट्टीत वाळवून त्याची टणक डबी केलेली असते. लंडनमध्ये १९२९ पासून हेच काम करणाऱ्या फ्रीड यांच्या कारखान्यात प्रत्येक कारागीर आपल्या जोड्याच्या तळव्यावर स्वतःची निराळी मुद्रा उमटवतो, आणि नर्तकी वर्षानुवर्षे त्या एकाच मुद्रेचा आग्रह धरतात. ही खळ घामाने आणि उष्म्याने मऊ पडते. भिलाईचा मे महिना आणि नाचणाऱ्या पावलाचा घाम यांच्या कात्रीत सापडलेल्या त्या जोड्याला खळ, घाम आणि स्पिरिट यांचा एक संमिश्र, किंचित आंबूस दर्प येत असे. जुन्या काळी पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात असाच वास यायचा. पहिल्या दिवशी तो मला नकोसा वाटला. नंतर मात्र पडवीत पाऊल टाकताच मी तो शोधू लागलो.

नव्या जोड्याला रिबिनी आणि इलॅस्टिक ज्याचे त्याने शिवायचे, टोकाचे सॅटिन जाड दोऱ्याने रफू करायचे, तळव्याची पट्टी हाताने वाकवून पावलाच्या कमानीला जुळवून घ्यायची, हा शिरस्ता. मुलीने हे सर्व आजीच्या शिवणाच्या डब्यातल्या सुईने केले होते. क्वार्टरची जमीन सिमेंटची. असल्या निबर जमिनीवर हा नाच केला तर प्रत्येक धक्का परतून नडगीत शिरतो, म्हणून वडिलांनी रबराच्या चटईवर प्लायवुडचा एक तक्ता बसवून दिला होता. बारऐवजी खिडकीचा गज होता. भिंतीवर घड्याळ होते, आणि त्या घड्याळाचा अंमल कडक होता. "मॅडमनी फक्त पंधरा मिनिटं सांगितलीत," असे मुलगी प्रत्येक वेळी जोडा चढवताना म्हणे. इतर सर्व व्यायाम साध्या कापडी सपातांत, आणि शेवटची पंधरा मिनिटे तेवढी या जोड्यात. ती पंधरा मिनिटे आज मला त्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखी आठवतात.

ज्या सकाळी ते घडले त्या सकाळी पंधरा मिनिटे भरायला थोडा अवकाश होता. गज धरून, गुडघे ताठ ठेवून, आधी चवड्यावर आणि तिथून बोटांच्या अग्रावर अशी ती उठत होती, उतरत होती. मानेची रेषा, खांद्यांचा निवांतपणा, चेहऱ्यावरचे ते काहीच कष्ट नसल्याचे सोंग, सारे यथास्थित होते. आणि एकाएकी, वर उठलेली असतानाच, तिच्या नाकपुड्या फुलल्या. ओरडली नाही. चवड्यावरून क्रमाने खाली उतरली, तक्त्यावर बसली, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला खोचलेली रिबिनीची गाठ तिला सापडेना. बोटे थरथरत होती. चेहरा मात्र तसाच होता. मी काय झाले म्हणून विचारले तेव्हा ती म्हणाली, "काही नाही काका, सगळ्यांनाच दुखतं."

या वाक्याचा मला राग आला, आणि तो राग अद्याप गेलेला नाही. मारी तालियोनीने १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद'मध्ये रफू केलेल्या मऊ सपातांवर बोटांच्या अग्रावर उभे राहून जो चमत्कार केला, त्यानंतर ही कला वाढत, कठीण होत गेली. आना पाव्लोवासारख्या असामान्य नर्तकीलाही आपल्या निमुळत्या, उंच कमानीच्या पावलांसाठी जोड्यात चामड्याचा आधार घालून त्याचे टोक टणक करून घ्यावे लागले. ज्या पाव्लोवाचा नाच १९२८ साली मुंबईत पाहून भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे आयुष्य नृत्याकडे वळले, तिने स्वतःच्या वेदनेवर उपाय शोधला, ती मिरवली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रक्ताळलेल्या बोटांची छायाचित्रे कौतुकाने दाखवणारा आणि सोसण्यालाच साधना समजणारा जो संप्रदाय या कलेभोवती जमला आहे, त्याच्याविषयी मला आदर वाटत नाही.

आजी तोवर स्वयंपाकघरातून आल्या. त्या मूळच्या वर्ध्याच्या. त्यांनी पाऊल मांडीवर घेतले आणि वैद्याच्या थाटात विचारले, "कुठं दुखून राहिलं? आग होते का ठणकते? का चमक भरते?" पुढे जे जे मी ऐकले त्यात या प्रश्नांहून अधिक शास्त्रीय असे थोडेच होते. घर्षणाने त्वचा सोलवटते तेव्हा आग होते, आणि फोड न फोडता वर पट्टी लावून दोन दिवस जोडा दूर ठेवला की बहुधा निभावते. नखाखाली रक्त साकळले तर ठणका लागतो. टाचेमागे, घोट्याच्या खोल आत, अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा चोळवटली तर पाऊल ताणताना चमक येते. नर्तकांत हे इतके सर्रास आढळते की त्या कंडरेच्या दुखण्याला नर्तकांचेच नाव पडले आहे. आणि पावलाच्या मध्यभागी, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या लांब हाडाच्या मुळाशी जर एका ठिकाणीच कळ येत असेल, चालतानाही राहत असेल, रात्री जाग आणत असेल, तर ते हाडाला गेलेला बारीक तडा असण्याचा संभव असतो. हा तडा पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत दिसेलच असे नाही, आणि भरून यायला कित्येक आठवड्यांची सक्त विश्रांती मागतो.

मुंबईच्या शिक्षिकेला फोनच्या पडद्यावर पाऊल दाखवले गेले. त्यांनी पहिली आज्ञा केली ती अशी: "कुठे दुखतं ते एका बोटानं दाखव." सबंध पंजा फिरवून दाखवावे लागते ते दुखणे बहुधा स्नायूंचे असते, एका बोटाने नेमके दाखवता येते त्याचा मुलाहिजा ठेवावा लागतो. मुलीने अंगठ्याच्या नखाच्या टोकावर बोट ठेवले. मग शिक्षिकेने दुसऱ्या बोटाच्या हाडाची मूळजागा दाबायला लावली, अंगठा वरखाली वाकवायला लावला, अनवाणी चवड्यांवर उभे केले. तिथे कुठेच काही नव्हते. तेव्हा त्यांनी दुखऱ्या पायाला आराम देऊन दुसऱ्या पायात जोडा चढवायला सांगितले, गज धरून अग्रावर उभे केले, आणि आईला म्हणाल्या, "आता टाचेमागचं कापड चिमटीत धरा."

नीट बसलेल्या जोड्यात, नर्तकी अग्रावर उभी असताना, टाचेमागे सॅटिनची जेमतेम चिमूटभर घडी निघते. इथे निघाली ती आईच्या दोन बोटांत मावेना. शिक्षिकेने माप विचारले. आई जराशी ओशाळून म्हणाल्या, "वाढत्या मापाचा घेतलाय, मॅडम. पाय वाढतोय ना तिचा."

म्हणजे कारण हे होते. शाळेचे बूट, लग्नाचा परकर, स्वेटर, सारेच ज्या घरांत एक अंक मोठे घेण्याचा दस्तूर आहे, त्या घरात काही हजार रुपयांचा जोडाही त्याच न्यायाने आला होता. परंतु या जोड्याची सारी करामत त्याच्या घट्टपणात आहे. टणक डबीच्या दोन्ही कडांनी बोटांना आणि चवड्याला बाजूंनी कवळून धरायचे, म्हणजे शरीराचा भार त्या सर्व अंगावर वाटला जातो. कवळ सैल असली की पाऊल आत घसरते, तळाला जाऊन आदळते, आणि जो भार सगळ्यांनी मिळून वाहायचा तो एकट्या अंगठ्याच्या नखावर येतो. मुलीने आपल्या बुद्धीने पोकळी भरण्यासाठी सिलिकॉनची जाड टोपी घातली होती, तिच्यावर लोकर कोंबली होती. त्याने आगही थांबली नव्हती आणि घसरणही. तंग जोड्याने दुखते हे कोणालाही कळते. सैल जोड्याने त्याहून अधिक दुखते, हे मला तरी त्या दिवशीच कळले.

पुढचे उपचार साधे होते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ, पाऊल लोडावर उंच, आणि किती वेळ, तर पुन्हा पंधरा मिनिटे. नख सुईने टोचायचे नाही. काळे पडून असह्य ठणकू लागले तर डॉक्टरकडे जायचे. आजींनी आंबेहळदीचा लेप आणला, तो कातडी फुटलेली नसल्यामुळे शिक्षिकेने हसून मंजूर केला, आणि तुरटीने कातडी राठ करण्याची त्यांची सूचना ऐकून तर त्या चकितच झाल्या, कारण त्याच हेतूने नर्तकी स्पिरिट चोळतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचा स्वर बदलला. वर्गातल्या काही मुली जोडा चढवण्याआधी वेदनाशामक गोळी घेतात, बोटांना बधिर करणारे मलम लावतात, असे बोलता बोलता मुलीच्या तोंडून निघाले होते. "गोळी घेऊन नाचायचं नाही," एवढेच शिक्षिका म्हणाल्या. मी असतो तर अधिक कठोर शब्द वापरले असते. ज्या अंगावर सारे शरीर तोलायचे, त्याची तक्रारच दाबून टाकणे हा अविचार आहे, आणि तो चौदा वर्षांच्या मुली करतात तेव्हा दोष त्यांचा नसतो.

वडिलांनी त्याच संध्याकाळी एक जाड वही आणली. कारखान्यात अपघात झाला तर नोंद होतेच, पण थोडक्यात टळला तरी त्याची 'निअर मिस' म्हणून नोंद करावी लागते. नोंद लपवणारा कामगार शूर ठरत नाही, जोखमीचा ठरतो, हे त्यांनी मुलीला मी समोर असताना सांगितले. मग वहीत रकाने आखले: तारीख, किती मिनिटे, कोणते बोट, कशा प्रकारचे दुखणे, दुसऱ्या दिवशी राहिले की नाही. मुलीने पहिल्या ओळीत लिहिले, "डावा अंगठा, नख, ठणका," आणि मिनिटांच्या रकान्यात पेन थोडा वेळ थांबवून खरा आकडा घातला.

त्या सुटीत तिने तो जोडा पुन्हा चढवला नाही. कापडी सपातांत पोटऱ्यांचे आणि तळव्यांचे व्यायाम चालू राहिले. बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करण्याचा एक प्रकार तर मीही घरी करून पाहिला, आणि पायाच्या बोटांवर आपला किती थोडा ताबा असतो ते समजले. या जोड्याला बाराव्या वर्षाच्या सुमारास हात घालावा असे सर्वसाधारणपणे म्हणतात, पण वयापेक्षा घोट्यातले बळ पाहावे असे जाणते शिक्षक सांगतात. मुंबईत तुशना डल्लास यांनी १९६६ साली बॅलेची शाळा काढली, तेव्हापासून आपल्याकडेही अशा जाणत्यांची परंपरा आहे. आणि नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा, अमीरुद्दीन शाह, २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला, तेव्हा हा नाच केवळ सुखवस्तू घरांचा उरलेला नाही. पोलादाच्या गावातून मुंबईला जाणारी ही मुलगी काही अपवाद राहणार नाही.

म्हणून ज्या मराठी घरांत अशी मुलगी आहे त्यांना एवढेच विनवायचे आहे की शाळेचे बूट खुशाल एक अंक मोठे घ्यावेत, पण हा जोडा आजच्या पावलाच्या मापाचा, जाणत्या माणसासमोर, अग्रावर उभे करून आणि टाचेमागची घडी चिमटीत पाहूनच घ्यावा; वाढत्या वयात ते माप दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासावे; आणि मुलीने दुखण्याची जागा एका बोटाने दाखवली, तर त्या दिवशीची पंधरा मिनिटे तिथेच थांबवावीत.