घाटमाथा ते शिरोळ : एकाच उतारावरचे विज्ञान

जुलै उजाडला की कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न असतो, "राजारामला पाणी किती?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले, पुणे–बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद पडला. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तसाच महापूर आला.

पण बंधाऱ्यावरचा आकडा ही गोष्टीतली एकच ओळ असते. ती गोष्ट सुरू होते घाटमाथ्यावर, सड्यांवर आणि जंगलात, आणि संपते शिरोळच्या मळ्यात. या सगळ्या पट्ट्यावर गेल्या काही दशकांत उत्तम संशोधन झाले आहे. ते एकमेकांना जोडून वाचायची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही.

पाणी

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तोच ढग शिरोळला पोहोचेपर्यंत पाचशेच्या घरात येतो. एका जिल्ह्यात एवढी तफावत! कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घाटातून वेगाने उतरतात, प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होतात आणि पुढे तिचा वेग मंदावतो, कारण उतार संपलेला असतो. नृसिंहवाडीला कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही. पाणी मागे फुगते आणि आंबेवाडी–चिखलीपासून शिरोळपर्यंतची गावे वेढली जातात.

2019 च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 2020 मध्ये तिचा अहवाल आला. थोड्या दिवसांत झालेली विलक्षण अतिवृष्टी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे यांवर समितीने बोट ठेवले. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला तिने त्या पुराचे मुख्य कारण मानले नाही. नदीकाठच्या अनेकांना ते पटले नाही. अलमट्टीची पाणीसाठ्याची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव असल्यामुळे हा वाद मिटलेलाही नाही. मात्र तो मिटेपर्यंत थांबण्याची गरज नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखून पाळणे हे आपल्याच हातात आहे.

पाण्याचे शास्त्र इथल्या लोकांना नवे नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राज्यभर गेला तो याच मातीतून. दगडी खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळा ओसरला की त्यांत बरग्यांच्या दोन ओळी बसवायच्या आणि मधल्या फटीत चिकणमाती ठासायची. नदी अडते, तिच्या पात्रातच पाणी साठते. जूनच्या तोंडावर बरगे काढायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. नदीला कधी अडवायचे आणि कधी सोडायचे, याचे तारतम्य या रचनेतच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर पाया घातलेल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजेही पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात.

जमीन

उताराच्या खालच्या टोकाला दुखणे वेगळे आहे. शिरोळच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाटपाणी दिले गेले. निचरा नसल्याने भूजल वर आले, त्याबरोबर क्षार आले. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार तेवढे वर उरतात. रान पांढरे पडते आणि एकेकाळी विक्रमी ऊस देणाऱ्या शेतात गवतही धड उगवत नाही.

यावर उपाय शास्त्राने दिला आणि सहकाराने तो बांधावर नेला. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने क्षारपड जमीन सुधारण्याचे काम हाती घेतले. शेतात खोल चर खणून सच्छिद्र पाईप गाडायचे, ते मुख्य वाहिनीला जोडायचे आणि खारे पाणी ओढ्याकडे काढून द्यायचे. एकट्या शेतकऱ्याने हे करून भागत नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच न्यावे लागते. म्हणून सगळा शिवार एकत्र यावा लागतो.

सडे

आता पुन्हा वर जाऊ. घाटमाथ्यावर जांभ्याचे विस्तीर्ण सडे आहेत. उन्हाळ्यात करपलेले दिसणारे हे कातळ पावसाळ्यात फुलांनी भरून जातात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पतींवर, विशेषतः कंदीलपुष्पांवर, आयुष्य वेचले. 2023 मध्ये विशाळगडावरच्या एका नव्या कंदीलपुष्पाची नोंद झाली आणि त्याला छत्रपती शिवरायांचे नाव दिले गेले.

याच जांभ्यात बॉक्साईट आहे. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाड परिसरात त्याचे उत्खनन झाले. ॲल्युमिनियम आपल्या सर्वांना लागते, हे खरेच. पण सच्छिद्र जांभा पाऊस मुरवतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना पुरवतो. सडा पोखरायचा की नाही, हे ठरवताना खनिजाच्या टनांबरोबर त्या झऱ्यांचाही हिशेब मांडलाच पाहिजे.

जंगल

दाजीपूरचे जंगल 1958 मध्ये गव्यांसाठी राखले गेले. आज राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचे आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. त्याचे मोठे महत्त्व मात्र जोडणीचे आहे. कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पापासून तिलारी, चंदगड, आजरा, राधानगरी, विशाळगड असा पट्टा चांदोलीपर्यंत जातो. या पट्ट्यातून वाघ ये-जा करतात का, हे कॅमेऱ्यांवरून कळते. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला की त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून तो ओळखता येतो, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. 2020 मध्ये शासनाने विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा–भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे मंजूर केली, ती हीच साखळी टिकावी म्हणून. त्याच वाटेने आलेले हत्ती चंदगड–आजऱ्याच्या शेतात शिरतात. नुकसान झालेल्या शेतकऱ्याला वेळेवर आणि पुरेशी भरपाई मिळाली नाही, तर ही साखळी कागदावरच राहील.

भूगर्भ

आता जमिनीखाली जाऊ. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना धरण परिसरातल्या भूकंपाने कोल्हापूरही हादरले होते. धरणातील पाणीसाठ्यामुळे भूकंपाला चालना कशी मिळते, याच्या अभ्यासासाठी कोयना आज जगाची प्रयोगशाळा आहे. कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रकल्पात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बसाल्ट संपतो आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागतो. भूकंप केव्हा होईल, हे सांगता येत नाही. घर कसे बांधावे, हे नक्की सांगता येते.

जोडणी

पूर जलसंपदा विभाग बघतो, जंगल वन विभाग, खाणी महसूल आणि खनिकर्म विभाग, क्षारपड कृषी विभाग. नदीला ही खाती माहीत नाहीत. सड्यावर पाऊस मुरला नाही, जंगल तुटले, उतार सैल झाला, की त्याचे परिणाम खाली उतरतात. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा एक मराठी नकाशा लागावा आणि त्यावर पूररेषा, दरडप्रवण उतार, झरे, वन्यप्राण्यांची वाट आणि क्षारपड रान एकत्र दाखवलेले असावे. शिवाजी विद्यापीठासारखी संस्था उशाशी आहे, अहवाल तयार आहेत, अनुभवी शेतकरी आहेत. पुढच्या बांधकाम परवान्याआधी आणि खाणपट्ट्याआधी ग्रामसभेने तो नकाशा वाचावा. एवढे झाले तर राजारामचा आकडा वाढण्याची वाट बघत बसण्याऐवजी, तो वाढू नये म्हणून वर काय करायचे, हे कोल्हापूर स्वतः ठरवू शकेल.