शिरगणतीत माणूस कोणत्या गावचा?

ज्याचे घर ज्या गावी, त्याची मोजदाद तेथेच होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. २०११ च्या जनगणनेत प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी या मुदतीत घरोघर फिरले. नेहमीचा रहिवासी त्या मुदतीत केव्हाही घरी असला, तर त्याची नोंद घरी झाली. मुदतभर बाहेरच असला, तर जेथे आढळला तेथे. बेघरांची गणना २८ च्या रात्री झाली.

फेब्रुवारी म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. बीड जिल्ह्यातील कित्येक ऊसतोड कुटुंबे तेव्हा बिऱ्हाडासह कारखान्यांच्या परिसरात असतात. नियमाप्रमाणे त्यांची गणना तेथल्या कोपीतच व्हावयाची. गावी राहिलेल्या वृद्धांनी मुलाचेही नाव सांगितले, तर तो दोनदा मोजला जातो. आणि कोपीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नाही, तर एकदाही नाही. ही दुसरी चूक अधिक जाचक होय, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थींची संख्या याच जनगणनेच्या लोकसंख्येवरून ठरविण्यात आली.

२०२७ च्या गणनेसाठीही महाराष्ट्रात १ मार्चचाच आरंभक्षण प्रमाण धरण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पुन्हा तोडणीचेच दिवस.