हारतुऱ्यांनंतरचे आठवडे

शिरूर अनंतपाळ तालुक्यात जून-जुलैला दोन धावपळी एकदमच येतात. शेतात सोयाबीनची पेरणी आणि घरात बारावी झालेल्या लेकराचा प्रवेश. बी-खताला पैसे द्यायचे की फीला, हा हिशेब कित्येक घरांत त्याच पंधरवड्यात बसतो. कुणी गावातल्याच शिवनेरी महाविद्यालयात नाव घालतं, कुणी निलंगा, उदगीर, लातूर गाठतं, तर थोडे थेट नांदेडला किंवा पुण्याला जातात. यातली बरीच पोरं घराण्यातली पहिलीच पदवीला निघालेली. कॉलेज कसं चालतं हे सांगणारं घरात कुणी नसतं. ते सांगायची जबाबदारी आता सरकारी कागदावर आली आहे. त्याचं नाव ‘दीक्षारंभ’.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली या नावाची मार्गदर्शिका काढली. मुलांनी एकमेकांत मिसळावं, संस्थेशी आणि शिक्षकांशी नातं जुळावं, नियम समजावेत, नवं काही अनुभवावं, असा तिचा आशय. त्याआधी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला तीन आठवड्यांचा असाच कार्यक्रम ठरवून दिला होता. त्याही आधी, २०११ पासून, आयआयटी गांधीनगर नव्या मुलांना अभ्यास सुरू करण्यापूर्वी पाच आठवडे खेळ, कला, समाजकार्य यांत गुंतवू लागली होती. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला आणि त्यातून १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा अभ्यासक्रम निघाला. तो पूर्ण सत्रभर चालतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मराठवाड्याला हे काम कागदाशिवाय करायची सवय होती. निजामाच्या काळात इथल्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवायची भाषा उर्दू. तिथे नवख्याला सांभाळून घ्यायचं ते आपल्याकडच्या आधी गेलेल्यांनीच. पुढे १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेत बाबासाहेबांच्या संस्थेचं महाविद्यालय, नंतरचं मिलिंद, सुरू झालं तेव्हा कुठे पदवीचं शिक्षण आपल्या मुलखात रुजू लागलं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या मुलाला राहायला जागा देई, सोबत कामाची आणि शिस्तीची सवयही लावी. आणि ज्यांना वसतिगृह नाही, त्यांच्यासाठी लातूरच्या खोल्या होत्या. गावाकडून एसटीने भाकरीचा डबा येई. स्टँडवर तो कुठे उतरवून घ्यायचा, कोणत्या कंडक्टरला सांगायचं, हे जुना रूम पार्टनर शिकवी. कोणत्या सरांच्या तासाला उशीर चालत नाही, हेही त्याच्याकडूनच कळे.

या रूम पार्टनरची जागा भाषणाने भरून निघत नाही, ही माझी पहिली तक्रार. पुष्कळ ठिकाणी दीक्षारंभ म्हणजे एक सकाळ असते. दीपप्रज्वलन, हार, प्राचार्यांचं मनोगत, विभागप्रमुखांची ओळख, आभार आणि अहवालासाठी फोटो. तीन आठवड्यांची कल्पना मुळात कॅम्पसवर राहणाऱ्या मुलांवरून बेतलेली. दुपारच्या गाडीने परतणाऱ्या मुलीला संध्याकाळचं सांस्कृतिक सत्र काय कामाचं? बारावीपर्यंत तिला एसटीचा पास फुकट होता. बी.ए.ला आली की सवलतीचा असला तरी पैसे मोजून काढावा लागतो. त्यासाठी बोनाफाईड कुठल्या खिडकीवर मिळतं, हे पहिल्या दिवशी कळलं तर तिचा महिना वाचतो.

सगळ्यात मोठं जंगल कागदपत्रांचंच आहे. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधारला जोडलेलं बँक खातं. खातं जोडलेलं नसलं तर मंजूर पैसेसुद्धा अडकतात. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. माहिती पोचते ती बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, झेरॉक्सच्या दुकानात. त्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, क्रेडिट आणि त्यांची बँक, हे सगळं अठरा वर्षांच्या पोराने प्रवेशाच्या खिडकीपाशी उभं राहून ठरवायचं. पालक विचारतात, “मायनर म्हणजे लहान विषय का?” प्रश्न अगदी रास्त आहे. मायनर निवडण्याआधी एक पूर्ण दिवस यावर बसलं पाहिजे, आणि समजावणारा तोच गोंधळ गेल्या वर्षी निस्तरलेला विद्यार्थी असला तर उत्तम.

लातूरची आणखी एक भानगड आहे. ‘लातूर पॅटर्न’मध्ये घडलेलं पोर दोन वर्षं टेस्ट सिरीजच्या वेळापत्रकावर जगतं. कधी उठायचं, काय सोडवायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. नीटला थोडक्यात हुकलं की बी.एस्सी.ला नाव घालून रिपीट करतं. असा विद्यार्थी पटावर असतो, वर्गात नसतो. आणि जो वर्षभर थांबून येतो त्याला गॅपचं प्रमाणपत्र मागितलं जातं. मनात आपण हरलो ही भावना ठाण मांडून बसलेली असते. त्याच्याशी एकट्याने बोलणारा शिक्षक लागतो. मार्गदर्शिकेत मेंटॉर आहे, पण रिकाम्या जागा न भरल्याने तासिका तत्त्वावरचे प्राध्यापकच दोन-तीन कॉलेजं सांभाळत धावतात. त्यांनी मेंटॉर व्हायचं कधी?

रॅगिंगबद्दल मात्र सोय पक्की आहे. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, आयोगाचे नियम २००९ चे, आणि प्रतिज्ञापत्र भरून घेतलं जातं. ते वाचून दाखवलं जात नाही, एवढंच.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे १९९४ पासून नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हा सारा पट्टा आहे. इथलं शैक्षणिक वर्ष शेतीच्या वर्षाशी भांडत चालतं. प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात, म्हणजे जुलैतला दीक्षारंभ अनेकांना सापडतच नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी येते, मजूर मिळत नाहीत, पोरं रानात जातात आणि अंतर्गत चाचण्या नेमक्या तेव्हाच. पहिल्या सत्रात गळणारा मुलगा इथेच गळतो. म्हणून एकाच सकाळी सगळं उरकण्यापेक्षा आठवड्याला एक तास, सत्र संपेपर्यंत ठेवावा. काढणीनंतर जे परतले नाहीत त्यांच्या घरी फोन करायचं काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना द्यावं, आणि त्या कामाला क्रेडिट द्यावं. फोन घरच्यांनी उचलला तर चाचणीची फेरतारीख सांगता आली पाहिजे, तेवढी मोकळीक विभागाला हवी.