किनाऱ्याकडे पाठ फिरवून

जळगाव-धुळ्याकडील जो प्रवासी कळंगुट-बागाच्या वाळूवर थाटलेल्या शॅकमध्येच बसून चढ्या दराचे बिल चुकते करतो, त्याच्या दृष्टीस गोव्याचे खरे पानगृह क्वचितच पडते. कारण गावकऱ्यांची तावेर्न किनाऱ्यापासून आत, म्हापशाच्या बाजारपेठेलगत किंवा पणजीच्या फोंतैन्याशसारख्या जुन्या मोहल्ल्यात असते. दोन-चार बाकडी, फळीवर बाटल्या आणि दुपारच्या जेवणापूर्वी मोजका पेला घेऊन घरी परतणारी माणसे, एवढीच तिची खूण.

मार्च ते मे या दिवसांत तेथे लिंबू, मीठ व चिरलेली मिरची घालून हुर्राक मागावी. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर चढविला असता पहिल्या धारेची उतरते ती सौम्य हुर्राक, आणि पुनश्च ऊर्ध्वपातनाने सिद्ध होते ती फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सातपुड्याच्या पाड्यांवरील मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. मोहाच्या वाट्याला मात्र आपल्याकडे तशी प्रतिष्ठा आली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

भाव आधी विचारावा. बाटली सोबत आणण्याचा मोह टाळावा, कारण गोव्याची दारू महाराष्ट्राच्या हद्दीत विनापरवाना आणणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा ठरतो.