चाइव्ह्ज, पातीचा कांदा, ओला लसूण

चाइव्ह्ज: कांदा-लसणाची नातलग, बहुवर्षायू. शास्त्रीय नाव ॲलियम शोनोप्रॅसम. पात बारीक, पोकळ; फुलं जांभळट, तीही खातात. शिजवलं की वास जातो, म्हणून गॅस बंद करून वरून भुरभुरायची.

• लसणी चाइव्ह्ज ही वेगळी जात: पात चपटी, फुलं पांढरी.

• पातीचा कांदा जाड. झुणक्यात शिजूनही चव धरतो.

• घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या बाजारात हिवाळ्यात येणारा ‘लीलू लसण’ म्हणजे आपला ओला लसूण. उंधियूत तो हवाच.

गॅलरीत: चाइव्ह्जचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावं. कुंडीत पाणी साचू देऊ नये. कापताना बुडाशी 2-3 सेंमी पात ठेवावी, पुन्हा फुटते. मुंबईच्या उन्हाळ्यात रोप मलूल होतं. दुपारी सावली हवी.