जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधला घास

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर कोणालाही अभिमानाने ऐकवतो. ती कुठून आली हे विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात. या लेखापुरता मात्र तिला चांगला आधार आहे. छातीतली जळजळ कायमची थांबावी म्हणून जगभर जी शस्त्रक्रिया होते, तिचा जनक जर्मन. आणि ती झाल्यावर ‘आता भाकरी कधी?’ हा प्रश्न परभणीचा.

आपल्याकडे या दुखण्याला नाव एकच, पित्त. डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी आलं तर तेही पित्तच. माधवनिदानाने अम्लपित्ताचे वर जाणारं आणि खाली जाणारं असे दोन प्रकार केव्हाच वेगळे केले होते. आपण मात्र सगळ्यांवर तोच उतारा करतो : थंड दूध, सोडा, नाहीतर अनशापोटी एक गोळी. घशाशी येतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०११ मधल्या पाहणीत ३,२२४ जणांपैकी ७.६ टक्के लोकांना हा त्रास आढळला.

घास पडत नाही, ढकलला जातो

अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची. पण घास तिच्यातून विहिरीत दगड पडावा तसा पडत नाही. स्नायूंची लाट त्याला सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगाने खाली ढकलते. म्हणून आडवं पडूनही पाणी पिता येतं. तळाशी स्नायूंचं कडं असतं आणि त्याला बाहेरून श्वासपटलाची पकड असते. घास आला की कडं सैल होतं, तो गेला की पुन्हा आवळतं. ते अवेळी सैल पडू लागलं, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकला, की आम्ल वर येतं.

इस्तंबूल ते जे. जे.

रुडॉल्फ निसेन १८९६ साली नाइसे या तेव्हाच्या जर्मन गावात जन्मले. ज्यू असल्याने १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९३६ मध्ये इस्तंबूलला त्यांनी एका रुग्णाच्या अन्ननलिकेचं खालचं टोक काढलं आणि टाके सुरक्षित राहावेत म्हणून जठराची घडी त्यावर गुंडाळली. पुढे लक्षात आलं, की या रुग्णाला जळजळ होतच नाही. गुंडाळण्याची त्यांची हातोटी इतरत्रही दिसते : १९४८ मध्ये त्यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांची पोटातली फुगलेली धमनी सेलोफेनमध्ये गुंडाळली होती. जळजळीसाठी मुद्दाम केलेली त्यांची पहिली अशी शस्त्रक्रिया स्वित्झर्लंडच्या बाझेलला १९५५ मध्ये झाली. गळ्याभोवती उपरणं घ्यावं तसा जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती घ्यायचा आणि पुढे टाके घालायचे. जठर भरलं की हा वेढाच दाब देतो.

पुढे पोट न उघडता दुर्बिणीने शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी भारतातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीने काढलं. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये बर्नार दालमान्य यांनी निसेन यांचा वेढाही दुर्बिणीने घातला. हातभर चिरेऐवजी चार-पाच छिद्रं उरली आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले.

आधी मोजा, मग बांधा

खरी कसोटी रुग्ण निवडण्यात आहे. आधी अन्ननलिकेची लाट मोजायला नाकातून बारीक नळी घालतात. तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर ३६ संवेदक. आडवं झोपवून पाच मिलिलिटरचे दहा घोट पाजायचे. प्रत्येक घोटानंतर अर्धा मिनिट थांबायचं, मध्ये आवंढाही गिळायचा नाही. निळ्या पडद्यावर लाल-पिवळा तिरपा पट्टा उमटला, तर लाट शाबूत आहे. पट्टा तुटक आला तर पूर्ण वेढ्याऐवजी फ्रान्सच्या आंद्रे तुपे यांचा १९६३ सालचा अर्धवट वेढा पुष्कळदा बरा ठरतो. आणि कडं उघडतच नसेल, तर तो आजारच वेगळा. त्याला निसेनचा वेढा म्हणजे बंद दाराला कुलूप.

अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरचा २०१९ चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. गोळीने भागत नाही म्हणून ३६६ जण आले. गोळी योग्य वेळी घेतल्यावरच ४२ जणांना बरं वाटलं. ९९ जणांची जळजळ आम्लाची नव्हतीच. इतर कारणांनी आणखी काही जण गळून शेवटी ७८ उरले. त्यांच्यात शस्त्रक्रियेचा गुण ६७ टक्क्यांना आला, औषधांचा २८ टक्क्यांना.

उरलेलं काम स्वयंपाकघराचं

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी अशा तपासण्यांसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी जिंतूर-गंगाखेडच्या माणसाला बहुधा मोठं शहरच गाठावं लागतं. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने जायचं, चार-पाच दिवसांनी परतायचं. शस्त्रक्रिया शहरात होते, गिळणं मात्र घरी परत यायचं असतं.

टाक्यांजवळ सूज असते. लाटेला आता अरुंद दारातून घास ढकलायचा असतो. म्हणून पहिले काही आठवडे घास अडकल्यासारखं वाटणं हा बिघाड नसून बरं होण्याचाच भाग आहे. बहुतेकांचं ते दोन-तीन महिन्यांत ओसरतं. जळजळीने दुबळी झालेली लाट काहींच्या बाबतीत नंतर सुधारतेही, सगळ्यांच्या नाही.

आधी वरणाचं पाणी आणि पेज, मग ताकातल्या मऊ कण्या, मुगाची पातळ खिचडी. पाव, चिवट मटण आणि कोरडी भाकरी सर्वांत शेवटी. थोडं-थोडं, पाच-सहा वेळा, जेवताना घाई नको. सोडा तर नकोच : ढेकर आता सहज येत नाही, वायू पोटात कोंडतो आणि त्याचा फुगारा खालून निघतो. उलटीही नीट होत नाही. महिना-दीड महिना सोयाबीनचं पोतं उचलायचं नाही, नाहीतर जोराने टाके सैल पडू शकतात.

पाणीही उतरेना, ताप आला, छातीत दुखू लागलं किंवा शौचाला काळी झाली, तर थेट डॉक्टरांकडे. नंतरही अडकणं राहिलंच तर फुग्याने वाट रुंद करता येते. वेढा जन्मभराची हमी नाही. स्वीडनमधल्या २,६५५ रुग्णांपैकी १७.७ टक्क्यांचा त्रास परतला. त्यातले बहुतेक पुन्हा गोळीवर गेले.

दिवाळीत घरात चिवड्या-चकलीचा खमंग वास आणि या माणसापुढे वाटीत पेज, सोसवत नाही. मग एक दिवस ज्वारीच्या भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून समोर येतो. तो पहिला घास घेतो, चावतो, थांबतो. सगळं घर पाहत असतं. दहा घोट पाजून, ३६ संवेदक लावून यंत्राने जे विचारलं होतं, तेच चुलीपाशी बसलेली आई दोन शब्दांत विचारते, “उतरला का?”